रिकाम्या हाताने

कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये, हे अम्मीने आम्हाला लहानपणीच शिकवले होते. शेजारून आलेले भांडेसुद्धा ती कधी रिकामे परत करीत नसे. त्यामुळे कोबे शहरात घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावले तेव्हा भेटवस्तूची आम्हा दोघांना चिंता वाटली नाही. अम्मीने भरतकाम केलेले चार रुमाल बॅगेत होतेच. ही गोष्ट २००१ च्या डिसेंबरातली. ईद होऊन आठवडा झाला होता.

रुमाल एका जपानी सहकाऱ्याला दाखवले. त्याने तारीफ केली आणि मग मान तिरकी करून दातांच्या फटीतून श्वास आत ओढला. याचा अर्थ 'नाही', एवढे आम्हाला तोवर कळू लागले होते. चार म्हणजे 'शी', आणि 'शी' म्हणजे मृत्यूही. रुमाल दिला तर संबंध तोडल्यासारखे होते. एका पुडक्यात दोन चुका! साकेची बाटली न्या, असे तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. फार महागाचेही नेऊ नका म्हणाला, कारण परतफेड करावी लागते. तिला ते 'ओकाएशी' म्हणतात.

घरी कपाट उघडले. मामूंनी हजहून आणलेल्या अजवा खजुराचा एकच डबा उरला होता. शव्वालच्या सहा रोज्यांसाठी राखलेला. थोडा वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मग तो ख्वानपोशात बांधला. जपानी लोकही भेट अशीच चौकोनी कापडात बांधतात, त्याला फुरोशिकी म्हणतात.

भेट देताना 'क्षुल्लक वस्तू आहे' असे म्हणायची तिथे रीत. वाक्य पाठ केले होते. पण मदिनेच्या खजुराला क्षुल्लक म्हणायला जीभ वळेना. मामूंनी पवित्र यात्रेहून आणला आहे, एवढेच बोललो. बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, उघडला, दोन खजूर बशीत ठेवले आणि बशी दिवंगत पतीच्या तसबिरीपाशी, बुद्धाच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे काहींना रुचणार नाही, ठाऊक आहे. पण त्या घरात त्याहून मानाची जागा नव्हती. उरलेला डबा दस्तरखानावर, म्हणजे टेबलावर आला. त्यातला खजूर आम्ही खाल्ला.

मासा नुसत्या मिठावर भाजलेला होता. डुक्कर आणि दारू चालत नाही, हे आम्ही आधी सांगितले होते. मिरिनचे सांगायचा धीर मात्र झाला नव्हता. स्वयंपाकातले हे गोड मद्य तिथल्या कितीतरी पदार्थांत असते. बाई म्हणाल्या, "मिरिनही दारूच ना? म्हणून नाही घातले." सोया सॉसची बाटलीही त्यांनी आमच्यापुढे ठेवली, लेबल आमच्याकडे करून. काही सॉसमध्ये अल्कोहोल असते.

निघताना ख्वानपोश परत दिला, गाठ मारलेला. घरी सोडला तर आत मिकान, म्हणजे तिथली संत्री. पाच.