मध्यक पाहिलात का?

कुणालाही बघता येतं हे! शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, त्यातला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, हा भाग काढा आणि पाचव्या, मानवी हक्कांच्या तत्त्वापर्यंत या. तिथे एक तक्ता आहे. पुरुष किती, त्यांच्या पगाराचा मध्यक किती. शेजारी स्त्रिया किती, त्यांचा मध्यक किती. संचालक, वरचे अधिकारी, बाकीचे कर्मचारी, कामगार, प्रत्येकाची ओळ वेगळी. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना हे बंधनकारक केलं, आणि मला पत्ता लागतोय आत्ता! ज्या पगाराबद्दल शेजारच्या टेबलावरही कुणी बोलत नाही, तो इथे चक्क छापलेला.

आणि मध्यकच का, हे कळलं तेव्हा तर मी हरखूनच गेले. शाळेत गणितात शिकलो तोच हा मध्यक. समजा, पाच जणांचे पगार 20, 22, 25, 30 हजार आणि साहेबांचे 3 लाख. सरासरी निघते 79 हजारांच्या वर, नेमका एवढा पगार त्या पाचांत कुणालाच नाही! मध्यक मात्र 25 हजार, रांगेत बरोबर मधे उभा असलेल्याचा.

ब्रिटनमध्ये 250 वा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना 2017 च्या नियमांनुसार पुरुष आणि स्त्रियांच्या पगाराच्या मध्यकांतली तफावत जाहीर करावी लागते. ईझीजेट या विमान कंपनीची पहिल्याच वेळी 45.5 टक्के निघाली. पुरुष वैमानिक आणि स्त्री वैमानिक यांची वेतनश्रेणी एकच, तरीही! कारण वैमानिकांत स्त्रिया जेमतेम 6 टक्के आणि केबिन क्रूमध्ये 69 टक्के. एकाच कामाला कमी पैसे देणं हा वेगळा अन्याय. त्यासाठी आपल्याकडे 1976 चा समान वेतन कायदा आला, त्याच्याच आधारे मुंबईच्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. पण जास्त पगाराच्या खुर्च्यांवर बायका पोचतच नाहीत, हे पकडायला असाच आकडा लागतो. म्हणून त्या तक्त्यात मध्यकाइतकीच शेजारची माणसांची संख्याही वाचायची.

तुम्ही अशा कंपनीत काम करत असाल किंवा तिचे दहा शेअर जरी तुमच्याकडे असतील, तर आजच तो अहवाल उघडा. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा आणि शेअर असतील तर फरक का पडला, हे वार्षिक सभेत विचारा.