इंचाला एक वर्ष

झाड तोडले म्हणजे ते मेले, असे आपण समजतो. सुतार तसे समजत नाही. फळी पाडल्यावरही लाकूड हवेतले पाणी पिते आणि पुन्हा सोडते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्या बारामती-इंदापूरकडे तर त्याची कसोटीच लागते. सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याचा, आणि वैशाखातला वारा जिथे माणसाचे ओठ फोडतो तिथे लाकडाची काय कथा!

ही विद्या मला मिळाली ती धाकट्या भावामुळे. उजनीच्या फुगवट्याला लागून आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे सागवानी फळ्यांचा उघडा ओटा घालायचे त्याने मनात घेतले. शहरातले लोक त्याला ‘डेक’ म्हणतात. हेतू एवढाच, की आईला तिथे बसून पाणी पाहता यावे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि आईचे सासर पाण्याखाली गेले. पाणी फार उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर दिसू लागते. मातीचे घर कुठून दिसणार? माझा जन्म नव्या गावठाणातला. ते घर मी पाहिलेले नाही.

फळ्या बारामतीच्या वखारीतून आल्या, नवरात्रात. हल्ली साग घानापासून इक्वेडोरपर्यंत कुठूनही येतो. भावाला दिवाळीपूर्वी काम उरकायचे होते. मिस्त्रींनी फळी उचलून पाहिली, कापल्या टोकावर अंगठा दाबला आणि म्हणाले, “ओली आहे. इंचाला एक वर्ष धरा.”

फळ्या सव्वा इंची. म्हणजे पंधरा महिने!

“मिस्त्री, लाकडाला सवड आहे. आईला पंच्याहत्तरावं लागलंय,” भाऊ म्हणाला. मग कोणीच काही बोलले नाही.

बारामतीत एका परिचितांच्या बंगल्यात अशाच ओल्या फळ्या ठोकल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचे द्रोण झाले आणि खिळे वर आले. फळी लांबीत जवळजवळ आकसत नाही. आकसते ती रुंदीत. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत शेकडा पाच-सहा भागांनी कमी होऊ शकतो. आईला विचारले, तर ती म्हणाली, “वाळू द्या. वर आलेल्या खिळ्याला ठेच लागली तर माझी हाडं कोण सांधणार?”

गोठ्याच्या पडवीत, जमिनीपासून दीड फूट उंचावर, फळ्यांची थप्पी लागली. दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या, एकीच्या डोक्यावर एक. वारा सगळीकडून खेळावा म्हणून. वर दगडांचे वजन. टोकांना डांबर फासले, कारण लाकडाचे पाणी टोकांतून भराभर जाते आणि तिथूनच ते चिरते. वर छप्पर होतेच. ऊन लागले की साल वाळते, गाभा ओला राहतो.

लाकूड वाळले की नाही हे ओळखायचे कसे? मिस्त्रींनी एका फळीवर खडूने खूण केली आणि दर महिन्याला तिचे वजन करायला सांगितले. मी शाळामास्तरीण, वही घातली. रविवारी बारामतीहून जायचे, फळी काट्यावर ठेवायची, आकडा टिपायचा. सुरुवातीला सतरा किलो. आई काट्याशी बसून विचारी, “किती उतरली?” पावसाळ्यात वजन थोडे वाढले, तेव्हा ती फळीवर रागावलीसुद्धा! साडेचौदावर आकडा तीन महिने हलेना, तेव्हा मिस्त्रींनी रंधा काढला.

मग चारही अंगांना जवसाचे तेल. दिसणारी बाजू सगळेच पुसतात. न दिसणारी कोरडी राहिली की फळी वाकते. प्रत्येक स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक, नाहीतर टणक लाकूड उलते. लोखंड भिजले की सागावर काळे डाग पडतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन फळ्यांत दोन सूत फट, पुढच्या पावसाळ्यात फुगायला.

खाली आधाराला बाभळीचे वासे होते. मिस्त्रींनी ते आधी कित्येक महिने विहिरीत बुडवून ठेवले होते. बाभळीतला रस असा पाण्यात उतरला की कीड सहसा लागत नाही. गाडीच्या चाकाचे लाकूडही पूर्वी असेच पिकवीत. आई ऐकत होती.

यंदाच्या माघात ओटा झाला. आई पहिल्यांदा त्यावर बसली, हाताने फळी चाचपली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “गाव उठलं तेव्हा तुळया नेल्या, दारं नेली. उंबरा तेवढा काढायचा राहिला. बाभळीचाच होता. आता चांगला पक्का झाला असेल, नाही?”