मंडालेच्या अलीकडचा थांबा

मी चाललो होतो मंडालेला, टिळकांचा तुरुंग होता ती जागा बघायला. मराठी माणूस ब्रह्मदेशात आणखी कशाला जाणार? मेइक्तिलाला उतरलो तो निव्वळ चहासाठी. रंगूनहून वर येणाऱ्या रस्त्याला इथे आडवे रस्ते मिळतात, म्हणून गाड्या थांबतात. समोर पाणीच पाणी: दोन तळी, मध्ये पूल.

याच चौफुलीपायी १९४५ साली हे गाव बेचिराख झालं. जपान्यांची कोठारं, इस्पितळं, धावपट्ट्या सगळं इथे. ब्रिटिश जनरल स्लिमने एक कोअर उघडपणे मंडालेच्या रोखाने धाडली आणि दुसरी रानातून गुपचूप पगानकडे उतरवली. मागे जुन्या जागी खोटे बिनतारी संदेश चालूच! गनिमी कावाच हा, फक्त घोड्यांच्या जागी शर्मन रणगाडे. त्यांतली एक रेजिमेंट रॉयल डेक्कन हॉर्स. घोडा उरला होता तो नावापुरता.

१४ फेब्रुवारीला पगानजवळ इरावती ओलांडायला सुरुवात झाली, तेव्हा पलीकडे धिल्लन यांची आझाद हिंद सेनेची तुकडी होती. दोन्ही काठांवर आपलीच माणसं. कुणाच्या बाजूने वाचायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

१ मार्चला जनरल कावनच्या सतराव्या भारतीय डिव्हिजनने गावावर हल्ला चढवला. तळ्यांमुळे रणगाड्यांना वाटा मोजक्याच, आणि घराघरांत, तळघरांत जपानी दबा धरून. मी वाचलंय: खड्ड्यात एकेक शिपाई, मांडीत विमानातून टाकायचा बॉम्ब, हातात धोंडा. रणगाडा वर आला की फ्यूजवर हाणायचा. एकाच्या खड्ड्यात भारतीय फौजेतला एक अधिकारी डोकावला, तरी तो हलला नाही. हुकूम रणगाड्यासाठी होता, माणसासाठी नव्हता. अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली. हे वाचल्यापासून त्या धोंड्याचं वजन माझ्या हाताला जाणवत राहिलंय.

३ तारखेला गाव पडलं आणि जिंकणारेच वेढ्यात सापडले. रसद विमानाने यायची. रोज सकाळी पायदळ आणि रणगाड्यांनी धावपट्टीभोवतालचे जपानी हुसकायचे, मग विमान उतरायचं. महिनाअखेर जपानी हटले. त्याआधीच, २० मार्चला, मंडालेचा किल्ला पडला होता. त्याची रसद इथेच तुटली होती. टिळकांचा तुरुंग त्याच किल्ल्यात.

कंडक्टरने हाक मारली तेव्हा चहावर साय धरली होती.