शेरा

माझ्याजवळ एक जुनी नोंदवही आहे. आपल्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. बास्केटबॉलच्या संघासाठी निवड चाचणी घेतली की प्रत्येक मुलाच्या नावापुढे मी एक शेरा लिहीत असे. ऑक्टोबर २०००च्या एका पानावर लिहिले आहे : ‘उडी उत्तम. खेळाची जाण नाही. अनियमित.’ हा सहा शब्दांचा शेरा माझ्याच हातचा आहे, आणि आज मी आपल्याशी त्याविषयी बोलणार आहे.

तो मुलगा पाथर्डी तालुक्यातला होता. बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. पहिल्याच दिवशी त्याने मैदानाच्या मध्यापासून धाव घेतली आणि अनवाणी पायांनी उडी मारून त्या कड्याला बोटे टेकवली. कडेला उभी असलेली मुले गप्प झाली. मात्र चेंडू हाती येताच चित्र पालटले. टप्पे देत पळताना त्याची नजर चेंडूवरून हलत नसे. डावा हात तर जणू त्याचा नव्हताच. चेंडू हातात धरून तो खुशाल चारपाच पावले चालत जाई, आणि शिट्टी वाजली की आपले काय चुकले असे चेहऱ्यावर लिहिलेले असे. अशा मुलाला आपण कच्चा खेळाडू म्हणतो. शरीर देणगी म्हणून मिळालेले, पण खेळ अजून यायचा.

अशा खेळाडूचे भवितव्य कसे जोखावे? प्रश्न खेळाचा वाटतो, पण तो तेवढ्यापुरता नाही. मुलाखत घेणाऱ्याला, शिक्षकाला, आईवडिलांनाही तो पडतो. समोर जे दिसते त्यावरून जे अजून नाही त्याविषयी बोलायचे असते.

योगायोग असा की, त्याच महिन्यात आमच्या शिक्षकखोलीत एका दुसऱ्या मुलाची चर्चा होती. श्रीरामपूरचा झहीर खान नैरोबीत भारताकडून खेळत होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवला, तेव्हा ‘मी आधीच ओळखले होते’ असे म्हणणारे जिल्ह्यात बरेच निघाले. त्या वेळी मीही त्याची गोष्ट एका ओळीत सांगत असे : गुण होते, कोणीतरी हेरले, मुलगा पुढे गेला. पुढील अकरा वर्षांनी मला ती गोष्ट पुन्हा वाचायला लावली.

झहीर मुंबईत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. समोर अभियांत्रिकीच्या शिक्षणाची वाट होती, ती बाजूला ठेवून तो आला होता. त्याच्याकडे डाव्या हाताचा वेग होता. पण लहान गावात वाढलेल्या वेगवान गोलंदाजाजवळ जे नसते, ते त्याच्याजवळही नव्हते : मोठ्या सामन्यांचा अनुभव. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरले. नाईक स्वतः कसोटी खेळलेले सलामीवीर होते, आणि १९७०-७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला होता. तरीही मुंबईच्या रणजी संघात झहीरला जागा मिळाली नाही. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांच्या देखरेखीखाली त्याची गोलंदाजी घडत गेली, आणि प्रथम श्रेणीतील पदार्पण त्याने बडोद्याकडून केले. म्हणजे ‘हेरणारा’ एक नव्हता. एका दाराशी अडले तेव्हा दुसरे दार उघडून देणारी माणसे होती. मैदान होते, पोट भरण्याची चिंता थोडी दूर ठेवणारी व्यवस्था होती, आणि मुख्य म्हणजे वेळ होता.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याचे पहिलेच षटक १५ धावांचे गेले. पुढे दुखापती आल्या, आणि काही काळाने संघातील स्थानही गेले. त्या वेळी एखाद्या निवड समितीच्या वहीत ‘वेग होता, टिकला नाही’ असा शेरा सहज बसला असता. २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला. तेथे आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी करताना त्याने आपली धाव आखूड केली, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची कला पक्की केली, वेगापेक्षा विचारावर भर दिला. २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने ९ बळी घेतले आणि भारताने ती मालिका जिंकली. २०११च्या विश्वचषकात त्याचे २१ बळी होते. शाहिद आफ्रिदीसह ते सर्वाधिक ठरले. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील अंतिम सामन्यात त्याची सुरुवातीची तीन षटके निर्धाव गेली. ज्या खेळपट्टीवर ती पडली, ती सुधीर नाईक यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती.

आता विचार करा. ज्या गुणांनी झहीर मोठा झाला, म्हणजे संयम, टप्प्यावरची हुकमत, फलंदाजाचे मन वाचणे, त्यांपैकी सतराव्या वर्षी दिसण्याजोगा एकही पक्का नव्हता. दिसत होता तो वेग. मग जोखणाऱ्याने पाहायचे काय? माझ्या मते, आज काय येते यापेक्षा महिन्यापूर्वी जे येत नव्हते ते आज येते का, हे पाहावे. उडी मोजता येते. शिकण्याचा वेग मोजायला मात्र थांबावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा निबंध केवळ आशेचा उपदेश ठरेल. पंजाबातील बल्लो के या गावचा सतनामसिंग सात फुटांहून उंच. लुधियानाच्या अकादमीतून तो अमेरिकेत शिकायला गेला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या निवडीत डॅलसच्या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची अशी निवड प्रथमच होत होती. तरीही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला निवडणारे मूर्ख नव्हते आणि तो आळशी नव्हता. शक्यता ही शक्यताच असते. जो जोखतो त्याने चुकण्याची तयारी ठेवली पाहिजे. मात्र प्रामाणिकपणे पाहून चुकणे निराळे आणि न पाहता चुकणे निराळे.

मी न पाहता चुकलो. पाथर्डीच्या त्या मुलाकडे पुन्हा वळतो. चाचणीनंतर तिसऱ्या आठवड्यात तो डाव्या हाताने टप्पे देत मैदानाची पूर्ण लांबी पार करू लागला होता. कोणी शिकवले, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, वसतिगृहामागं रोज रात्री करतो.” मी ‘बरे’ म्हणालो आणि पुढे गेलो. ही गोष्ट मला आठवते, पण माझ्या वहीत तिची नोंद नाही. दसऱ्यानंतर तो मैदानावर यायचा बंद झाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची यादी पाठवायची वेळ आली, तेव्हा मी त्याचे नाव खोडले आणि तो शेरा पुरा केला : ‘अनियमित.’

पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई महाविद्यालयात दाखला न्यायला आली. मी सहज विचारले, “मुलाने खेळ का सोडला?” ती म्हणाली, “सर, त्याचा काय दोष न्हाई. त्याच्या बापाची कंबर गेली. कोयता अर्धा झाला असता तर उचल कशी फिटली असती?”

आपणांपैकी अनेकांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडायची असते. बापाच्या जागी मुलगा फडात उभा राहिला, तेव्हा जोडी पुरी झाली. मी ज्याला अनियमित म्हटले, तो त्या पाच महिन्यांत पहाटे उठून ऊस तोडत होता आणि मोळ्या वाहत होता. त्याच्याइतका नियमित माझ्या संघात कोणीही नव्हता.

तो मोठा खेळाडू झाला असता का? मी सांगू शकत नाही, आणि सांगू नये. झाला असता असे म्हणणे हाही एक घाईचा शेराच ठरेल. मला एवढेच कळते की, ‘याच्यात गुण आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा ते केवळ भाकीत नसते. ती एक जबाबदारी असते. ‘याला काय हवे आहे’ हा प्रश्न त्या वाक्याच्या पाठोपाठ यायला हवा. बूट हवे आहेत, की दुपारचे जेवण, की हंगाम संपेपर्यंत वाट पाहणारा शिक्षक? झहीरच्या वाट्याला असे विचारणारे लोक आले. पाथर्डीच्या मुलाच्या वाट्याला मी आलो.

त्यानंतर मी वहीत दोन रकाने वाढवले. एकाचे शीर्षक ‘मागील महिन्यापेक्षा’ आणि दुसऱ्याचे ‘गैरहजर, कारण’. दुसरा रकाना भरण्यासाठी मुलांच्या घरी जावे लागे. त्यामुळे माझे संघ अधिक जिंकले असे नाही. पण निवृत्त होईपर्यंत ‘अनियमित’ हा शब्द मी एकट्याने कधी लिहिला नाही.

मित्रहो, आपणही कधीतरी कोणाच्या तरी वहीतून खोडले गेला असाल. दहावीनंतर संसार, शेती किंवा नोकरी आली असेल, आणि एखाद्या दाखल्यावर त्याची एका शब्दात बोळवण झाली असेल. आज आपण पुन्हा पुस्तक उघडले आहे. सत्राचा निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागेल. तोवर एका कागदावर माझा तो पहिला रकाना आखा, आणि मागील महिन्यात जे येत नव्हते त्यातले आज काय येते, ते स्वतःच्या हाताने लिहा.