चार पर्यायांचा प्रश्न

बहुपर्यायी प्रश्नांचा मला मनापासून राग होता. नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिका काढताना पहिल्या प्रश्नात ते नाइलाजाने घालायचे, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. काहीही न वाचता आलेल्या मुलाचंही चारात एकदा बरोबर येणार, याला विज्ञानाची परीक्षा कसं म्हणायचं? विषय कळलाय की नाही हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पाच-सात ओळींतच दिसतं, यावर मी सहकाऱ्यांशी कडाकडा भांडलेय.

आज माझं मत जवळजवळ उलटं आहे.

‘ऋतू का होतात ते स्पष्ट करा’ या प्रश्नाची उत्तरं माझ्या वर्गात नेहमी देखणी यायची. पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला, शेजारी आकृती, नावं दिलेली. गुणदान योजनेतला मुद्दा न् मुद्दा हजर, म्हणजे पूर्ण गुण. मग एका घटक चाचणीत मी विचारलं, पुण्यात मे महिन्यात उन्हाळा का असतो? एक पर्याय मुद्दाम असा ठेवला: अक्ष कललेला असल्यामुळे आपला भाग सूर्याच्या जवळ जातो. देखणी उत्तरं लिहिणाऱ्या कितीतरी मुलांनी नेमका तोच उचलला. ‘अक्ष’ हा शब्द त्यांच्याकडे होता. किरणं सरळ पडणं आणि दिवस मोठा होणं हे नव्हतं. १५ कोटी किलोमीटरांच्या अंतरात या कलण्याने पडणारा फरक फार तर काही हजारांचा. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालतो तेव्हा. पाच ओळींच्या उत्तराने हे सगळं माझ्यापासून लपवलं होतं.

तेव्हापासून संविधान तक्ता, म्हणजे कोणता प्रश्न काय तपासतो याचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा, भरताना माझा हात अडतो. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आम्ही बिनदिक्कत ‘आकलन’ या रकान्यात टाकतो. पण कारण गाइडमध्ये छापलेलं असेल, वर्गात लिहून दिलेलं असेल, तर तो प्रश्न निव्वळ पाठांतराचा. प्रश्नाचा रकाना त्याच्या शब्दरचनेवरून ठरत नाही, मुलाने उत्तर आधी पाहिलंय की नाही यावरून ठरतो.

चांगला चुकीचा पर्याय मात्र टेबलाशी बसून सुचत नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींमधून घेतलेले. त्याच जातीची चाचणी एरिक मॅझूर यांनी हार्वर्डच्या मुलांना दिली, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांशी अडखळली. मॅझूर यांनी पुढे व्याख्यानाची पद्धतच बदलली. मी एवढंच करते, की वर्गात कानावर पडलेली चुकीची कारणं वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवते. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्याच्यावर बलच नसतं, हे त्यातलं माझं आवडतं.

हाताचं काम मात्र पर्यायांनी तपासता येत नाही. मध्य प्रदेशात १९७२ ला सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुलं परीक्षेला पुस्तक घेऊन बसत आणि प्रयोग खरोखर करून दाखवत. आमच्याकडे प्रात्यक्षिकाचे गुण कसे भरले जातात, ते शिक्षकांना सांगायला नको.

हल्ली मी पर्यायाखाली एक ओळ सोडते: हाच का निवडला? तपासायला वेळ लागतो, आणि वादही होतात. पर्याय बरोबर, कारण चुकीचं, अशा उत्तराला मी शून्य देते. शेजारच्या तुकडीचे सर म्हणतात, अर्धा गुण द्या, मूल घाबरेल. तो अर्धा गुण अजून आमच्यात मिटलेला नाही.