भीतीची जागा

परवा स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणी हात लावला नाही. मेकॅनिकने व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावला, तर एक बुडबुडा सावकाश फुगत गेला. आतला वायसर झिजला होता. तो बदलला.

भीती मात्र रेंगाळली. त्यातच नातलगांचे संदेश येऊ लागले: सिलिंडरवरची ‘बी-२६’ ही मुदत उलटली की स्फोट होतो! वास्तविक ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. बी-२६ म्हणजे एप्रिल ते जून २०२६. सिलिंडरची पुढची चाचणी तेव्हा व्हायला हवी, एवढाच अर्थ. तारीख पाहून घ्यावी हे खरं, स्फोटाचं भाकीत खोटं. अर्धं खरं असलं की मन उरलेलं अर्धंही मुकाट्याने स्वीकारतं. पाठवणाऱ्यांची काळजी तर अगदी खरी असते. ती दुखावू न देता खोटं कसं खोडायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

भिणं वाईट नाही. भीती योग्य जागी असावी. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर घराबाहेर येऊन १९०६ हा क्रमांक फिरवा.