जिप्सीचं बॉनेट

तपासणी जवळ आली की पलटणीतल्या गाड्यांचे नटबोल्टही रंगतात. ती खोड माझ्या घरच्या जुन्या जिप्सीलाही लागली. जोधपूरचा रविवार. बॉनेटखालचे ब्रॅकेट ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चंदेरी केले. एक्झॉस्ट सोडला, साधा रंग तिथे जळून नुसता धूर होतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याने धुतला. "अहो, भज्यांपुरता ठेवा!" बायको ओरडली.

चौथ्या दिवशी चंदेरी ब्रॅकेटवर कूलंटचा हिरवा ओघळ दिसला. जुन्या तेलकट काळ्यावर तो कोणाला दिसणार? रेडिएटरचा होज क्लिपपाशी चिरला होता. पंधरवड्यात मी फील्डला निघणार. मे महिन्यात पोरांना घेऊन गाडी तीच चालवणार.

नवा होज, नवी क्लिप. ब्रॅकेट पुन्हा रंगवला, तो मात्र हौसेखातर.